गुडघाभर पाणी

फरशीपुलावर पाणी किती, ते खांबावरचे आकडे वाचून रेडिओवर सांगायचं, हे माझं पावसाळ्यातलं काम. दीडशे किलोमीटरवरचे गुराखीसुद्धा तोच चॅनल ऐकतात. काल दवाखान्यातली टेस, माझी होणारी बायको, माझ्याशी भांडली. “खोटारडा आहेस. लग्न राहू दे, मी डार्विनला चालले.” पूल बुडाला की डार्विन शहराची वाट तीन महिने बंद. सकाळी रेडिओवर तिनेच विचारलं, “पाणी किती रे? गाडी निघेल?” पाणी जेमतेम गुडघाभर होतं. मी म्हणालो, “छातीपर्यंत. पूल बंद.” ती म्हणाली, “मी पहाटेच पूल ओलांडला होता. आता तुझ्याकडे परत येत होते. रागात तुला खोटारडा म्हणाले, माफ कर.” “बोल की आता, गाढवा!” कुठल्याशा फार्मवरची म्हातारी खेकसली. मी बटण दाबलं. “टेस, माफी नको मागूस. पाणी गुडघाभरच आहे.”