चिंध्या बांधलेली जवारी

कपाशीनं सालोसाल दगा दिल्यावर सत्यशीलानं यंदा अर्ध्या वावरात जवारी पेरली, तांड्यावरच्या जमनी नावाच्या बाईनं फुकट दिलेल्या बियाण्याची. फुकट कोण कायले देते, हा काटा मनात सलतच होता. आज पाहते तर नेमक्या टपोऱ्या कणसांना लाल चिंध्या बांधलेल्या. तिनं साऱ्या सोडल्या आणि वावराच्या कडेला, धुऱ्यावर जमनीला गाठलं. “माह्या वावरात चोरीच्या खुणा करतं काय वं?” जमनीनं तिच्या हातातल्या चिंध्या पाहिल्या. “अवं, थे बियाची कणसं होती. खाण्यात जाऊ नये म्हनून बांधली. आपलं बी असंच फिरते, पुढच्या पेरणीले तांड्यावरच्या साऱ्या बाया तुह्याचकडून बी नेणार हायेत.” सत्यशीलाला पटेना, तिनं आजवर बी पाहिलं होतं ते मारेगावच्या दुकानातल्या पाकिटातलंच, उभ्या कणसातून राखलेलं कधी नाही. “मग मले सांगतलं काहून नाही?” “तू बोलतं का कोनासंग?” सत्यशीला जवारीच्या दोन ओळींमधल्या तासात शिरली. एक कणीस वाकवून, मागं न पाहताच म्हणाली, “हे चालंल बियाले?”