चालीचं मूळ

दहा वर्षांतली सर्वांत नवी, कुणाचीही नक्कल नसलेली चाल कुठल्या पॉप गायकाची, यावर परीक्षक तीन तास भांडत होते. नाडकर्णींना इरावती हवी होती, तर वसुधा मिरजकरला कबीर. शेवटी चाल पहिल्यांदा कुठे उमटली ते सांगणारं मूळशोधक यंत्र लावलं. जगातल्या कुठल्याही फोनने टिपलेला आवाज त्याला सापडत असे. इरावतीची चाल जुनीच निघाली. मग वसुधाने कबीरची चाल लावली.

“कबीरची चाल नऊ वर्षांपूर्वी सांगलीतल्या एका रुग्णालयात उमटली,” यंत्र म्हणालं. “गाणारी मैत्रेयी मिरजकर. शेजारच्या खाटेवरच्या कबीरच्या फोनने ती टिपली.”

वसुधाने खुर्ची यंत्राजवळ ओढली. मैत्रेयी त्या रुग्णालयातून घरी आलीच नव्हती.

“म्हणजे कबीर बाद,” नाडकर्णी हळू आवाजात म्हणाले.

“बाद,” वसुधा म्हणाली. “पण आधी माझ्या मुलीचं गाणं लावा. मी ते कधी ऐकलेलं नाही.”