रातातुईचं मूळ

साताऱ्यातल्या आपल्या नव्या फ्रेंच हॉटेलच्या उद्घाटनाला अभिराजने आबांची ओळख "माझे वडील, फौजेत होते" एवढीच करून दिली. पलटणीच्या भटारखान्यात ते बावीस वर्षं स्वयंपाकी होते, हे त्याने पोटातच ठेवलं.

वांगी-टोमॅटोचं रातातुई चाखून आबा म्हणाले, "उरल्यासुरल्या भाज्या पातेल्यात ढवळून आम्ही जवानांना हेच वाढायचो."

अभिराज ओशाळला. फ्रान्सहून आलेल्या त्याच्या गुरूंनी, आबा काय म्हणाले, ते विचारलं, तेव्हा त्याने ते सांगून वर माफीही मागितली.

"माफी कसली?" गुरू म्हणाले. "रातातुई हे मुळात सैनिकांच्या असल्याच जाड्याभरड्या कालवणाचं नाव. वर्गात शिकवलं होतं तुला."

खुर्ची ओढून ते आबांशेजारी बसले. "आता विचार त्यांना, मीठ कमी पडलंय ना?"