चहाची वेळ

"कुठे थांबावं हे ब्रह्मदेवालाही कळलं नाही, पण रेगेमास्तरांना कळतं," असं निवेदक म्हणाला आणि भरल्या सभागृहात चित्रकलेचं प्रात्यक्षिक सुरू झालं. मास्तरांनी तीन फटकाऱ्यांत डोंगर उभा केला. मग धुकं आलं, झाडं आली, झाडांवर आणखी झाडं आली. हात काही थांबेना. तासाभरात डोंगराचा पार चिखल झाला.

घरी एव्हाना चहा आला असता आणि ब्रश आपोआप खाली ठेवला गेला असता. तीस वर्षं असंच चाललं होतं. मास्तर मंचावरून वाकून पहिल्या रांगेतल्या बायकोला कुजबुजले, "अगं, आज चहा नाही का?"

"चित्र पुरं होत आलं की दारातून बघून आधण ठेवायचे मी," ती म्हणाली. "आजचं तर दहा मिनिटांतच झालं होतं. पण परवा तुम्हीच पेपरात सांगितलंत ना, हिला चहापलीकडे काही कळत नाही म्हणून."

मास्तरांचे कान तापले. माइक ओढून ते म्हणाले, "आजवर माझा हात हिनंच थांबवला."

केवढा हा विनय, म्हणत सभागृहानं उभं राहून टाळ्या वाजवल्या. बायकोचे हात मांडीवरच होते. मास्तरांना त्या हातांच्या वर बघवेना.