पिंपाची गळती

बिअर घरीच जमली तर परवाना नको, दुकानाची रांग नको. अवधूतला नफाच नफा दिसत होता. कतारमधल्या दोहा शहरातल्या फ्लॅटच्या स्टोअररूममध्ये त्याने भरडलेली बार्ली गरम पाण्यात मुरवली, पाणी पिंपात गाळून यीस्ट घातलं. पण आंबायला ठेवलेली बिअर रोज बोटभर कमी होई. झाकण बदललं, तोटी आवळली, तरी तेच.

"आप्पा, जरा लक्ष ठेवा," नाशिकहून आईसोबत राहायला आलेल्या वडिलांना तो म्हणाला. गळ्यात तुळशीची माळ घालून दारू सोडलेला माणूस. याहून चोख राखणदार कुठला?

शुक्रवारी आई स्टोअररूम झाडायला गेली. पिंपामागच्या खिळ्याला आप्पांची माळ नीट टांगलेली होती.

"सापडली का गं गळती?" अवधूतने बाहेरून विचारलं.

 

आईने माळ मुठीत लपवली. "हो रे. तोटीच मेली सैल आहे."