मिनिटाला पंचेचाळीस

“या गायकाला कसलीही घाई नाही,” घड्याळजींनी चौथ्या पानावरचं वाक्य वाचलं आणि मान वर न करता पुढे म्हणाले, “एकेक शब्द तो ओझ्यासारखा उचलतो आणि जपून खाली ठेवतो.”

वाचनालयाच्या खोलीत चौदा माणसं होती. एवढ्या लोकांपुढे घड्याळजी आयुष्यात पहिल्यांदाच बोलत होते. ही बारा पानं त्यांनी तीन महिने खपून लिहिली होती. आपलं हसं होईल या भीतीने गेल्या आठवड्यात त्यांनी दोनदा नकाराचा निरोपही धाडला होता, पण दोन्ही वेळा बायकोने तो निरोप पोचूच दिला नाही. आता ती पहिल्या रांगेत, त्यांच्यापेक्षाही ताठ बसली होती.

ग्रंथपालबाईंच्या कपाळावर मात्र आठ्या होत्या. बाहेरच्या फळ्यावर त्यांनीच लिहिलं होतं : ‘ऐंशीच्या दशकातली हार्डकोर पंकची गाजलेली रेकॉर्ड – परिचय आणि श्रवण.’ हार्डकोर पंक म्हणजे काय, हे त्यांनी आदल्या दिवशी पुस्तकात शोधून वाचलं होतं. त्यात भन्नाट वेग आणि आरडाओरडा होता; संथपणाचा उल्लेख कुठेच नव्हता.

“काका, आधी थोडं ऐकूया का?” त्या म्हणाल्या आणि त्यांनी घड्याळजींनी घरून आणलेल्या रेकॉर्डवर सुई टेकवली.

पत्र्याच्या छपरावर कुणी गोट्यांचं पोतं रिकामं करावं तसा आवाज आला. मागच्या रांगेतल्या एकाची चष्म्याची डबी खाली पडली. तो ती वाकून उचलेपर्यंत पहिलं गाणं संपून दुसरं सुरू झालं होतं.

“थांबवा, थांबवा!” घड्याळजी उठलेच. “तुमचं यंत्र पळतंय. बिघडलंय ते.”

“परवाच तपासून आणलंय, काका.”

“अहो, माझा धंदाच आहे हा. घड्याळ जरा पुढे पळत असलं, तर नुसतं कानाला लावून सांगतो मी.” त्यांनी बाराव्या पानाचा कोपरा फाडला, रेकॉर्डच्या मधल्या लेबलवर तो झेंड्यासारखा उभा चिकटवला आणि सुई वर उचलून ठेवली. “हेडमास्तर, घड्याळावर एक मिनिट लावा बघू.”

निवृत्त हेडमास्तरांनी शर्यत सोडावी तसं “सुरू!” म्हटलं. कागदाचा झेंडा गरगरू लागला. घड्याळजी ओठातल्या ओठात फेरे मोजत होते. विसाच्या पुढे अख्खी खोलीच मोठ्याने मोजायला लागली.

“त्रेचाळीस... चव्वेचाळीस... पंचेचाळीस!”

“थांबा!” हेडमास्तर ओरडले.

“पंचेचाळीसच हवेत, काका,” ग्रंथपालबाई हळूच म्हणाल्या. “रेकॉर्डवरच छापलंय तसं.”

घड्याळजींनी खिशातलं भिंग काढून डोळ्याला लावलं आणि ते वाकले. लेबलच्या कडेला, तिळाएवढ्या अक्षरांत, खरंच छापलेलं होतं. ते वाचायला जेवढा वेळ लागतो त्याहून बराच वेळ ते वाकून राहिले.

“आमच्या घरच्या यंत्राचं गतीचं बटण तेहतीसवर असतं,” ते तसेच खाली बघत म्हणाले.

“कधीपासून?” हेडमास्तरांनी विचारलं.

“चाळीस वर्षं झाली,” बायकोच बोलली. “धूळ पुसतानासुद्धा मला त्या बटणाला हात लावू देत नाहीत. गती बिघडेल म्हणतात!”

आधी मागची रांग हसली, मग सगळेच. हेडमास्तरांनी मनगट उंच केलं. “घड्याळजी, हेही तुम्हीच दुरुस्त केलंय बरं का. मग आत्ताचं मिनिट खरं धरायचं ना?”

घड्याळजींचे कान लाल झाले. तीन महिने ज्याची धास्ती घेतली होती ते झालं होतं, आणि काही बाकी न ठेवता झालं होतं. हातातलं पाचवं पान ‘उतारवयातला हा थकलेला आवाज’ अशा शब्दांनी सुरू होत होतं. त्यांनी दाराकडे पाहिलं. दार चार पावलांवर होतं.

ग्रंथपालबाई जवळ आल्या. “काका, तेहतीसवर लावते ना. तुम्ही लिहिलंय तसंच ऐकू आपण. कुणाचं काही म्हणणं नाही.”

घड्याळजींनी पानांकडे पाहिलं, मग रेकॉर्डकडे.

“नको,” ते म्हणाले. “आहे तशीच लावा. पहिल्यापासून.”

पहिल्या गाण्याला त्यांनी टेबलाची कड घट्ट धरून ठेवली होती. तिसऱ्याला त्यांच्या चपलेचं टोक हलू लागलं. पाचव्या गाण्यात गायकाचा आवाज वर जाताना चिरकला, आणि त्याची पर्वा न करता तो तसाच पुढे धावला. घड्याळजी स्पीकरला कान लावायला वाकले.

“अगं!” त्या गोंगाटातच त्यांनी बायकोला हाक मारली. “मी याला म्हातारा समजत होतो!”

“मग कोण आहे?”

“पोरगा आहे, पोरगा! मिसरूडसुद्धा फुटलं नसेल!”

“आणि रडतोय कशाला? तुम्ही म्हणायचात ना, रडतो म्हणून?”

“छे, छे! भांडतोय तो! आणि काय मजा येतेय त्याला!”

नऊ मिनिटांत आठ गाणी आटोपली. सुई उचलली गेली तरी हेडमास्तरांची बोटं गुडघ्यावर ताल धरून होती. ते लक्षात येताच त्यांनी हात खिशात घातला.

“काका, पुढचं वाचताय ना?” ग्रंथपालबाईंनी विचारलं. “आठ पानं राहिलीत अजून.”

घड्याळजींनी आठही पानं वक्त्याच्या खुर्चीवर ठेवली आणि ते पहिल्या रांगेत बायकोशेजारी येऊन बसले.

“दुसरी बाजू लावा,” ते म्हणाले. “ती मी अजून ऐकलेलीच नाही.”