फुंकर

निळी.

सलील साहेबांच्या खिशावरची पट्टी निळी राहिली. डॉक्टर भैरवी मॅडमच्या पदराला टाचलेली निळी. अतियाच्या ओढणीवरची निळी. बोटभर रुंदीच्या सुती पट्ट्या, मारेगावच्याच कापसाच्या. विषारी वायूचा वारा लागला की त्या पांढऱ्या पडायच्या. जवानानं पट्टी छातीवर लावायची. पांढरी पडली की मास्क चढवायचा.

छोट्या उद्योगांना संशोधनासाठी सरकार पैसा देतं. त्यातून अतियानं हे काम उभं केलं होतं, अब्बांच्या पंपदुरुस्तीच्या दुकानामागं पत्र्याची खोली काढून. साहेब सैन्याच्या बाजूनं तपासायला आले होते, मॅडम दवाखान्याच्या बाजूनं. आज पट्टी पास झाली तर काम पुढं जाणार. नापास झाली तर इथंच गुंडाळायचं.

विषाची बाटली अजून उघडलेली नव्हती. पहिली परीक्षा तीच होती. विष नसताना पट्टीनं गप्प बसायचं.

पांढरी.

चौथी पट्टी अब्बांच्या सदऱ्यावर होती. साहेबांनीच हौसेनं लावली होती. "बशीरभाई, आज तुम्हीपण जवान," म्हणून.

"मले पाहून घाबरली वाटते," अब्बा म्हणाले. "इच्या मायचंबी पहिल्यांदा असंच झालतं."

सगळे हसले. अतियानं दुसरी पट्टी टाचली. तिचा रंग वरच्या कडेकडून, हनुवटीच्या बाजूनं, उतरत गेला.

पांढरी.

"विष नसताना ओरडणारी पट्टी जवानाला कशी द्यायची?" साहेब म्हणाले. आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं. "चार वेळा उगाच मास्क घातला की पाचव्या वेळी तो घालणारच नाही."

बरोबर होतं.

अब्बांनीच पट्टी ओढून काढली. "पट्टीत खोट नाही साहेब. माहा सदराच घामेजला. मी बाहीर बसतो, मंग करा तुमचं." आणि जाता जाता तिच्या कानाशी, "सांग नं त्याईले, बेटा. म्हातारा मधात आला म्हणा."

निळी. निळी. निळी.

अब्बा नव्हते आणि नव्या पट्ट्यांतल्या एकीचाही रंग हलला नाही. साहेबांनाही बरं वाटलेलं दिसलं. "त्या दोन हाताळताना खराब झाल्या असतील. सोडून देऊ. चालेल?"

अतियाला फक्त हो म्हणायचं होतं.

पुढच्या दुकानातून आवाज आला. फुस्स. मग थुंकल्याचा.

हा आवाज ती पाळण्यात असल्यापासून ऐकत होती. फवारणीच्या पंपाचं नोझल कचऱ्यानं तुंबतं. सुई घातली की भोक मोठं होतं आणि औषध जास्त पडतं, शेतकरी भांडायला येतो. म्हणून नोझल ओठांत धरायचं आणि फुंकायचं. थुंकायचं. मिशा बाहीनं पुसायच्या. सगळ्या तालुक्याची तीच रीत. यंदा बोंडअळीनं कपाशी आतून पोखरली होती, फवारणीवर फवारणी चालली होती, आणि दुकानासमोर सकाळपासून पंपांची रांग लागायची. दिवसभर फुस्स. दिवसभर अब्बांच्या मिशा ओल्या.

फवारणीचं औषध आणि तो वायू, दोन्ही एकाच जातीचं विष. वायू लागलेल्या जवानाचं काय होतं, ते तिनं सरकारकडच्या अर्जात स्वतःच लिहिलं होतं. उगाच घाम येतो. हात थरथरतात. डोळ्याची बाहुली आकसून मोहरीएवढी होते.

ती पुढं गेली. अब्बा दुकानाच्या अंधाऱ्या कोपऱ्यात पंप मांडीवर घेऊन बसले होते. सावलीत बाहुली मोठी व्हायला हवी. तिनं त्यांची हनुवटी धरून वर केली.

मोहरी.

"काहून पाहून राह्यली अशी?"

"अब्बा, चहा बशीत ओतणं कधी सोडलंत?"

"सांडते थो. उमर झाली आता."

ती परत आली तेव्हा साहेब पट्ट्या गोळा करत होते.

"सोडू नका," अतिया म्हणाली. "त्या दोन पट्ट्या खरं बोलत होत्या."

तिनं सांगितलं. सांगताना आवाज कापला नाही, याची तिची तिलाच लाज वाटली. साहेब ऐकता ऐकताच उठले, एक नवी पट्टी घेऊन दुकानात गेले आणि अब्बांच्या मिशीजवळ धरली. ती पडली पांढरी. साहेबांचा चेहरा पोरासारखा उजळला.

"मॅडम, कमाल आहे! मिशीत राहिलेलं एवढंसं विष धरते ही! बाटली उघडायची गरजच नाही!"

भैरवी मॅडमनी अब्बांचं मनगट धरलं होतं. त्या पट्टीकडे पाहत नव्हत्या. "यांना आत्ताच्या आत्ता यवतमाळला न्यायचं," त्या म्हणाल्या आणि ड्रायव्हरला हाक मारत रस्त्याकडे धावल्या.

अब्बांना त्यातलं एकच कळून घ्यायचं होतं.

"पास झाली का साहेब?"

"झाली बशीरभाई! गाडी वळेपर्यंत एक फोटो घेऊ का? पट्टी हातात धरा."

अब्बांनी गळ्याचं बटण लावलं. केसांवरून हात फिरवला. पट्टी हातात धरली, आणि वारा नसताना ती फडफडायला लागली. मग लहानपणी अतियाच्या खरचटलेल्या गुडघ्यावर घालायचे तशी, मान तिरपी करून, त्यांनी पट्टीवर फुंकर घातली.

पट्टी कडेनं पांढरी झाली. मधे थोडा निळा डाग राहिला.

अब्बांनी ती उजेडात धरून पाहिली. त्यांना ती पसंत पडली नाही.

"थांबा साहेब, घेऊ नका फोटो," ते म्हणाले, आणि अतियापुढं हात केला. "दुसरी दे, बेटा. या खेपेले जोरात फुंकतो."